सांधलेली बाई

टेकडी अर्धी चढून झाली, तरी दोमितिला मावशी छातीशी धरलेलं गाठोडं शेजारच्या सेनाइदाला देईना.

"दे की गं मावशी, मी काय खाऊन टाकणारे?"

"तुझा काय भरवसा! काल माझी तळलेली केळी कुणी संपवली?" मावशी हसली, पण हसू ओठांवरच राहिलं.

वाल्दिव्हिया गावाच्या किनाऱ्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या मातीच्या बाया, छोट्या बाहुल्या, सापडत. मावशी हुबेहूब तशाच घडवून विकायची. गेल्या महिन्यात इथे टेकडीवर तिला एक खरी सापडली, धड एकीकडे, डोकं दुसरीकडे. तुटकी बाई तिला बघवेना. तिने ती डिंकाने सांधली आणि घरातल्या मारियामातेच्या मूर्तीशेजारी ठेवली.

त्याच आठवड्यात सून इल्दा तापाने पडली. मग संग्रहालयात काम करणाऱ्या एक बाई सहज बोलून गेल्या, की पूर्वीचे लोक आजाऱ्याचं दुखणं अशा बाहुलीत उतरवून ती मोडत असावेत. तेव्हापासून मावशीच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता.

"कुणीतरी मोडून टाकलेलं दुखणं मी जोडून घरात आणलं गं."

"अगं, ताप डासांचा आहे. डॉक्टर म्हणाले ना?"

"डॉक्टरांना काय ठाऊक मी काय केलं ते?"

बाहुली सापडली होती ती जागा आली. मावशीने गाठोडं सोडून बाहुली जमिनीवर निजवली, दगड उचलला, पण हात खाली येईना. तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि दगड सेनाइदापुढे धरला.

"जन्मभर या हातांनी बायाच घडवल्या. माझ्याने नाही होत. तू मोड, पोरी. पण मानेतच मोड, मी जोडलं तिथेच."