अर्धं गाऱ्हाणं

खोटं कशाला सांगू, माझी जाऊ बरी व्हावी असं मला मनापासून वाटत नव्हतं. तोंडाने म्हणायचे, देवीपुढे हातही जोडायचे, पण आत कुठेतरी वाटायचं, राहू दे तशीच. ती बरी झाली की मनू जाणार. मनू म्हणजे तिची मुलगी, सहा वर्षांची, त्यातली तीन वर्षं माझ्या कुशीत झोपलेली. मला मूल नाही.

आमचं घर पेडण्याहून हळर्णला जाणाऱ्या वाटेवर. भोवती काजूच्या बागा, आणि बोंडांचा मोसम आला की घराघरात हुर्राक. बोंडांच्या रसाची ही ताजी दारू पाहुण्याला सरबत द्यावं तशी देतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सुलू, माझी धाकटी जाऊ, तिथूनच लागली. दीर जहाजावर, वर्षाचे नऊ महिने समुद्रात. बाळंतपणानंतर तिला झोप येईना, कुणीतरी म्हणालं, घोटभर घे. घोटाचा पेला झाला, हुर्राक संपला की फेणी. एक दिवस चुलीवर आधण ठेवून ती मागच्या दारी पडून राहिली आणि मनूने जळतं लाकूड मुठीत धरलं. पोरीच्या तळहातावर अजून डाग आहे. तेव्हा आम्ही सुलूला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. निघताना तिने मनूला माझ्याकडे दिलं आणि एवढंच म्हणाली, "वयनी, सांभाळ गो."

सांभाळलं मी. चांगलंच सांभाळलं, त्यात काही बोलायला जागा नाही.

केंद्रातून आल्यावर सुलू डिचोलीला माहेरी राहिली. जिथे सवय लागली तिथे इतक्यात जाऊ नको, असं तिला तिथल्या ताईंनी सांगितलं होतं. दर रविवारी सकाळी म्हापशाला बायकांची बैठक असते, सगळ्या दारूतून बाहेर पडलेल्या आया. ती उरकून ती दुपारी आमच्याकडे यायची. चेहऱ्यावर तकाकी, साडी चापूनचोपून, केसात अबोली. ती फाटकात दिसली की मनू अशी पळायची की मी घालत असलेली वेणी अर्धीच माझ्या हातातून सुटायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पेज भरवली मी, तापात उशाशी बसले मी, अक्षरं गिरवून घेतली मी, आणि 'आई' कोण, तर ही रविवारची पाहुणी. मी मात्र काकीच.

जूनमध्ये मनूला पहिलीत घालायचं होतं. पेडण्यात की डिचोलीत, एवढंच ठरायचं होतं. दिराने फोनवर सांगितलं, वयनी म्हणेल ते. सुलूही तेच म्हणाली. "तुला भरवसा वाटला तरच पाठव," म्हणाली, "माझा मला अजून पुरता नाय." हे तर मला जास्तच झोंबलं. ती उर्मट वागली असती तर माझं किती सोपं झालं असतं.

आणि मग मी ते केलं. नवऱ्याच्या गुडघ्याला चोळायला म्हणून घरात हुर्राकची बाटली होती. सुलू येणार म्हटलं की मी ती कपाटात घालून कुलूप लावायचे. त्या रविवारी ती पाण्याच्या कळशीशेजारी ठेवली. बूच सैल करून. जेवायला बसण्याआधी पाणी घ्यायला सगळे तिथेच जातात. आणि मी अंगणात कपडे वाळत घालायला गेले, दोनच लुगडी होती तरी बराच वेळ लावला.

सुलू आत गेली आणि लगेच बाहेर आली. मनूला ओढून मांडीवर घेतलं, पडवीच्या भिंतीला पाठ लावून बसली आणि पोरीला घट्ट आवळून धरलं. "वयनी, आज मी भायरच जेवतंय." जेवली तीही एका हाताने. मनू हसून म्हणत होती, "आई, दुखता गो," तरी हिने हात काढला नाही. मी दोरीपाशी उभी राहून बघत होते. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मी जळत होते. एवढी मिठी मनूला मी कधी मारलीच नव्हती, आणि मारली असती तर ती अशी हसली असती का, हाच विचार डोक्यात.

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले. आमच्याकडे निर्णय अडला की देवीला प्रसाद लावतात. भटजी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतात आणि आपण आपलं गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी गाऱ्हाणं घातलं की, मुलीची आई अजून डळमळीत आहे, तिला माझ्याकडेच ठेवू का. 

पाकळ्या हलल्या नाहीत. अर्धा तास गेला, तास गेला. माझ्यामागे एक जोडपं होतं, ते कंटाळून उद्या येतो म्हणून गेलं. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. "बाये, गाऱ्हाणं अर्धं घातलंस काय?"

"अर्धं कशाला घालीन?" मी फणकारले.

"मग बस. तिका काय घाई नाय."

बसले. मनातल्या मनात सुलूचा एकेक गुन्हा देवीपुढे मांडला. चूल, डाग, मागचं दार. सगळं आठवून आठवून सांगितलं, बाटलीपाशी आले की पुन्हा चुलीकडे वळायचे. असं किती वेळा झालं कोण जाणे. पाकळ्यांवरचं पाणी वाळलं तरी त्या जागच्या जागी. मग एकाएकी माझ्यातली भांडायची ताकदच संपली. जे सांगायचं राहिलं होतं ते देवीला ठाऊकच होतं, ज्याला सांगायचं ते माणूस वेगळं होतं. मी उठले. भटजी म्हणाले, "आणि प्रसाद?" मी पायऱ्या उतरले.

पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली. सुलू ओट्यावर तांदूळ निवडत होती. बसलेही नाही मी. "बाटली मी ठेवलेली," म्हटलं, "मुद्दाम."

तिचा हात सुपात थांबला. "माका कळलां. बूच सैल होतां," ती म्हणाली.  मग सुपाकडे बघतच म्हणाली, "वयनी, मी मनूक धरून बसली ती माया नाय. सोडली असती तर परत भितर गेली असती."

 ज्या मिठीवर जळून मी देवळापर्यंत गेले, ती ही होती. पाय सरकणाऱ्याने विहिरीचा कठडा धरावा तशी तिने पोर धरली होती, आणि पाय सरकवणारी मीच होते.

"राग आलाय तुझा," सुलू म्हणाली. "बैठकीत सांगतात, राग आला त्या दिसा एकटी राहू नको. तू बस." मग आम्ही दोघींनी मिळून तांदूळ निवडले.

मनू डिचोलीच्या शाळेत जाते. रविवारी मी म्हापशाला जाते, सुलू बैठकीत असते तेव्हा बाहेरच्या बाकावर मनूला आणि आणखी दोघीतिघींच्या मुलांना घेऊन बसते. दार उघडलं की मनू अजूनही माझ्या हातून वेणी सोडवून आईकडे पळते. पोटात अजून कळ येते. मत्सर गेला असं लिहिलं तर ते पुन्हा अर्धंच गाऱ्हाणं होईल. फक्त आता ती कळ मी लपवत नाही, जशीच्या तशी देवीच्या पायांशी ठेवते, आणि तिने त्या दिवशी मला उत्तर दिलं नाही याबद्दल तिचे उपकार मानते. माझ्या हट्टाला तेव्हा हो मिळालं असतं तर मी आज कुठे असते!

मनूला डिचोलीला पोचवायला निघाले त्या सकाळी तिला घेऊन देवळात गेले होते. भटजी म्हणाले, "त्या दिसा तू पायरी उतरलीस आणि पाकळी पडली." मग ते थांबले, कुठली म्हणून मी विचारेन याची वाट बघत. मी तीर्थ घेतलं, मनूच्या तळहातावरही घातलं, त्या डागावर. बसची वेळ झाली होती. आम्ही निघालो.