शेवटचं रीळ

"खाली बसा. अजून संपलं नाही."

तंबूतले दिवे लागले आणि बायका पदर झटकत उठल्या की ती हे म्हणायची. पोत्यावर मांडी ठोकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. कुणी बसायचं नाही, उलट हसायच्या. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. नळदुर्गात पौषात खंडोबाची जत्रा भरे आणि तिच्यासोबत सिनेमाचा तंबू येई. पाणी मारलेला पडदा, मधे कनात, एकीकडं पुरुष, एकीकडं बायका. फ्रॉकच्या ओच्यात शेंगा घेऊन मी थेट तिच्या पोत्याशेजारी बसे. तिथं नेहमी ऐसपैस जागा असायची, कारण तिच्याजवळ कुणी बसतच नसे.

तुम्ही विचाराल, का? तर ती कोल्हापूरच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं खाष्ट सासू झाली होती. नवरा आमच्या गल्लीतला, पेटी वाजवणारा. कामं थांबल्यावर तो तिला गावी घेऊन आला. तिचा एक सिनेमा दर जत्रेत लागायचा. त्यात ती सुनेच्या हाताला तापलेल्या उलथन्याचा चटका देते. झालं! गावानं ठरवून टाकलं की बाई तशीच.

त्याच दिवसांत संक्रांतीचं हळदीकुंकू असे. घरोघर बोलावणं करायला आई मला पाठवी आणि बजावी, "तिचं घर सोड. सुनेला डाग देणारी बाई ती." अहो, तिला मूलच नव्हतं, सून कुठली? पण आमच्या शहाण्या गल्लीला हे सांगणार कोण!

ती मात्र मला गमती सांगायची. "उलथनं गार होतं गं. ती रडणारी पोरगी दुपारी माझ्याच ताटात जेवायची."

खरी गोम शेवटच्या रिळात होती. दुसऱ्या खेळाची गर्दी आत घ्यायची म्हणून तंबूवाला प्रत्येक सिनेमाचं शेवटचं रीळ गाळायचा. तिच्या सिनेमात सून गाठोडं घेऊन घराबाहेर पडली की आमच्याकडं दिवे लागत. पुढं सासू अनवाणी सुनेच्या माहेरी जाते आणि तिचे पाय धरते, हे गावानं कधी पाहिलंच नाही. "सगळ्या जन्मात तेवढंच एक काम मनासारखं झालं," ती मला म्हणाली होती. ते या बायकांनी एकदा बघावं, एवढंच तिला हवं होतं.

एका जत्रेत दिवे लागल्यावर ती उठली आणि मशीनपाशी जाऊन उभी राहिली. रीळ लावल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. तंबूवाला आधी गयावया करत राहिला, बाहेर माणसं खोळंबलीत म्हणाला. शेवटी त्यानं खरं सांगून टाकलं.

"रीळ सोलापुरातच ठिवून येतो, बाई. कुणी बघत न्हाय."

एव्हाना बायका भोवती जमल्या होत्या. आमची शेजारीण पदराआड हसत म्हणाली, "मग तुमीच करून दावा की. धरा सुनेचे पाय."

तिनं आवाज चढवला नाही.

"ती माफी मी कॅमेऱ्यापुढं मागितली. तुमच्यापुढं कशाला मागू? तुमचं मी काय केलंय?"

आई माझा हात धरून खाली बघत होती. बाईनं आपलं पोतं झटकलं, घडी घातली आणि निघून गेली. पुन्हा ती तंबूत आली नाही, आणि त्या संक्रांतीलाही आईनं मला बोलावण्यातून तिचं घर वगळायला लावलं.

पुढं ती नवऱ्याच्या आधी गेली. सवाष्ण गेली म्हणून गल्लीतल्या त्याच बायका रांगेनं आल्या. तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. शेजारणीनं तर मळवट भरला. जिवंतपणी ज्या कपाळाला एकीनंही बोट लावलं नव्हतं, त्याला. मला तिथं किंचाळावंसं वाटलं.

लग्नानंतर मी सोलापुरात राहायला गेले. तिथं थिएटरला तो सिनेमा लागला. सून गाठोडं घेऊन निघाली आणि दिवे लागले नाहीत. धुळीच्या वाटेवर ती दिसली, अनवाणी. आता गोड होणार हे कळल्यावर लोक चपला शोधत उठायला लागले.

"खाली बसा," मी ओरडले. "अजून संपलं नाही."

नवऱ्यानं माझा दंड ओढला. कुणी बसलं नाही. दोन पाठींच्या फटीतून मी तिला वाकताना पाहिलं.