जांघेतलं दुखणं

प्रणाली टेबलावर उताणी झोपली होती. मी तिचा उजवा गुडघा वाकवून पाय हळूच आत वळवला, तशी तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"इथं दुखतं?" मी जांघेवर बोट ठेवलं.

"हो मॅडम. पण आमचे कोच सर म्हणतात, मसल धरला आहे नुसता."

मी अमरावतीत फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे बहुतेक खेळाडूच येतात. प्रणाली दर्यापूरची, कॉलेजात शिकणारी, पंधराशे मीटर धावायची. तिचे वडील दादाराव दर्यापूर-अमरावती काळीपिवळी जीप चालवायचे. तेच तिला घेऊन आले होते आणि दाराशी उभे होते.

मसल धरला तर तो दाबल्यावर दुखतो. हिचं दुखणं खोल होतं. चालतानाही होतं, आणि आता झोपेतही जाग यायला लागली होती. मी विचारलं, "मधे काही आजारपण?"

"टायफाइड झाला होता. महिनाभर घरीच होती," दादाराव म्हणाले.

"आणि उठल्यावर?"

"ट्रायल जवळ आली होती ना," प्रणाली म्हणाली. "आधी पळायची तेवढंच पळून राहिले. जास्त नाही काही."

इथेच गोम होती. सरावाचा शरीरावर जो एकूण भार पडतो, त्याला आम्ही ट्रेनिंग लोड म्हणतो. धावताना हाड बारीक बारीक झिजतं आणि विश्रांतीत भरून निघतं. भार हळूहळू वाढवला तर ते बळकट होतं. महिनाभर अंथरुणावर काढलेल्या शरीराची ही सवय मोडलेली असते. आधी सहज पेलणारा भार आता त्याला अचानक चढवलेला भार असतो. झीज जास्त, भरणं कमी, आणि हाडाला तडा जातो. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. मला शंका होती ती खुब्याच्या हाडाची, मांडीचं हाड जिथे बारीक होऊन कमरेला जुळतं तिथली. ही जागा वाईट. तिथला तडा सरकला तर हाडाच्या टोकाला खुब्यात बसणाऱ्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

मी तिला लगेच कुबड्या दिल्या आणि ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे नॉर्मल आला. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, त्याची तारीख ट्रायलनंतरची मिळाली. संध्याकाळी तिचे कोच राऊत सर यांचा फोन आला.

"मॅडम, एक्स-रे तर क्लीन आहे."

"सुरुवातीचा तडा एक्स-रेमध्ये दिसत नाही, सर. एमआरआय होईपर्यंत तिने तो पाय टेकवायचा नाही."

"रविवारी अकोल्याला निवडीची ट्रायल आहे. यंदा निघाली तर स्पोर्ट्स कोट्यात नोकरीचं पाहता येईल. पोरीनं लय मेहनत केली, मॅडम."

"हाड सरकलं तर तिचं धावणंच संपेल."

शेवटी ते म्हणाले, "नाही पळवत."

त्यांनी शब्द पाळला असता. पण शनिवारी प्रणालीने त्यांना सांगितलं की एमआरआय लवकर झाला, काही निघालं नाही. त्यांना तेच ऐकायचं होतं. घरी तिने सांगितलं, मैत्रिणींची ट्रायल बघायला जाते. कुबड्या मैत्रिणीकडे ठेवल्या आणि दुखण्याची गोळी घेऊन ती ट्रायलला उतरली.

रविवारी दुपारी दादारावांचा फोन आला. सरांनी कळवल्याबरोबर ते जीप घेऊन अकोल्याला पोचले होते.

"मॅडम, पोट्टी ग्राउंडवर पडली. उठताच आलं नाही तिले. पाय आखूड दिसून राहिला, अन् बाहेर वळला आहे."

हाड सरकलं होतं; मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. संध्याकाळीच ऑपरेशन झालं, स्क्रू बसवले.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले. प्रणाली छताकडे बघत होती. मला पाहून म्हणाली, "शेवटच्या राउंडला मी दुसरी होते, मॅडम." मी तिचा हात धरून बसले.

बाहेर बाकावर दादाराव आणि राऊत सर शेजारी बसले होते.

"मले काहून नाही सांगितलं तिनं?" दादाराव विचारत होते. "मी काय मारलं असतं तिले?"

राऊत सर म्हणाले, "मी रिपोर्ट मागायला पाहिजे होता, भाऊ. मी मागितलाच नाही."

दादारावांनी सरांच्या मांडीवर हात ठेवला.

हाड जुळलं, पण गोळ्याला रक्त पोचलं नाही. वर्षभरात तो खचत गेला. खुबा बदलावा लागला, एवढ्या लहान वयात. प्रणाली आता चालते, जिना चढते, कॉलेजही तिने पूर्ण केलं. मांडी घालून बसता येत नाही. ग्राउंडवर ती परत कधी आली नाही. मुलींचं टायमिंग घ्यायला ये म्हणून सरांनी एकदा तिला फोन केला होता, तिने उचलला नाही.

राऊत सर आजारातून उठलेल्या मुलीला आता आधी नुसतं चालायला लावतात. मग थोडं पळणं, मग एक दिवस आराम. ट्रायल हुकली तर हुकू देतात. पालक कुरकुरतात, सर ऐकून घेतात. पद्धत बरोबर आहे. ती आमच्याकडे यायला एक धावपटू खर्ची पडली.