राजीखुशीने, अक्कलहुशारीने

नंदकिशोर माटे यांनी एकतीस वर्षांत एकाही माणसाला नोकरीवरून काढलं नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि कागदोपत्री ते खरंही होतं. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात औषधांच्या बाटल्यांची झाकणं तयार होत. तिथून जो कोणी गेला, तो स्वतःच्या हस्ताक्षरात राजीनामा लिहून गेला. माटे फक्त मजकूर सांगत.

पद्धत ठरलेली होती. माणसाला केबिनमध्ये बोलवायचं, बसायला सांगायचं नाही आणि दाराकडे बघून हाक मारायची, "वैजयंती, जरा कागद-पेन आण." वैजयंती कोंडविलकर ही ऑफिसातली कारकून. ती रेघांचे दोन कागद आणायची, कारण पहिला बहुतेक वेळा खराब व्हायचा. मग माटे खुर्चीत मागे रेलून, शाळेत शुद्धलेखन घालावं तसं सांगत. घरगुती अडचणीमुळे मी नोकरी सोडत आहे. पूर्णविराम. सदर मजकूर मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता व कोणतेही नशापाणी न करता लिहून देत आहे. पूर्णविराम. खाली सही.

हे शेवटचं वाक्य त्यांना कोपरखैरण्याच्या फ्लॅटच्या कागदपत्रांत सापडलं होतं. वकिलाने सवयीने घातलेलं ते वाक्य माट्यांना इतकं भावलं की पुढे कारखान्यातला कुठलाही कागद त्याशिवाय पुरा होईना. उशिरा आल्याचा खुलासा असो, हरवलेल्या ओळखपत्राचा अर्ज असो, खाली राजीखुशी आणि नशापाणी हवंच.

राजीनाम्याखाली साक्षीदार म्हणून वैजयंती सही करायची. सोळा वर्षांत एक्केचाळीस सह्या. एकदाही तिचा हात थांबला नाही. नवऱ्याचं आजारपण होतं, मुलीचं शिक्षण होतं. हे कारण ती स्वतःला सांगायची, आणि अलीकडे तेही तिला कोणीतरी सांगून लिहून घेतल्यासारखं वाटायला लागलं होतं.

माटे वाईट होते म्हणावं तर तेवढीही त्यांची झेप नव्हती. सुपरवायझर म्हणून आले, तेव्हा त्यांना मशीनमधलं काही कळत नव्हतं. निवृत्तीला आले, तेव्हाही कळत नव्हतं. कोण कोणाबरोबर चहा पितो, एवढं मात्र त्यांनी बारकाईने शिकून घेतलं. प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली त्यांच्याच जुडग्यात असायची. ज्याचं बोट कापलं जाई त्याला आधी साहेब कुठे आहेत ते शोधावं लागे. पॅकिंगच्या बायकांची स्टुलं त्यांनी एका सोमवारी उचलून माळ्यावर टाकली, कारण "बायका बसल्या की बोलायला लागतात." वाढदिवसाला कोणी कोणी शुभेच्छा दिल्या नाहीत ते त्यांना पुढच्या वाढदिवसापर्यंत आठवायचं. आणि दर गणेशोत्सवात, कँटीनमधल्या आरतीनंतर, हातात प्रसादाची वाटी घेऊन ते म्हणायचे, "मी मशीनं नाही जपली, माणसं जपली." मशीनांपुरतं ते खरं होतं.

अशा माणसाच्या निरोप समारंभाची तयारी वैजयंतीकडे आली.

मालकांची मुलगी वैदेही दोन वर्षांपूर्वी डायरेक्टर झाली होती. पस्तिशीची, कमी बोलणारी. एका परदेशी गिऱ्हाइकाच्या तपासणीसाठी तिने जुन्या फायली काढायला लावल्या होत्या आणि तेव्हा वैजयंतीला विचारलं होतं, "ताई, एक्केचाळीस जणांच्या घरी एकच अडचण कशी काय हो?"

वैजयंतीने चष्मा पुसला होता. "बघावं लागेल मॅडम," एवढंच म्हणाली होती. त्या उत्तराची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत होती.

आता वैदेहीने पुन्हा बोलावलं. "माट्यांना बाबा दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवा म्हणतायत. मी ठरवलेलं नाही. जे सोडून गेले त्यांच्याकडून त्यांच्यासाठी दहा-बारा शुभेच्छा आणा. स्वतःच्या अक्षरात. समारंभात मी वाचेन आणि तिथेच काय ते सांगेन."

वैजयंतीच्या निवृत्तीला दोन वर्षं आणि चार महिने राहिले होते. हिशेब साधा होता. माटे राहिले, तर तिच्या नोकरीची शेवटची वर्षंही त्याच हाकेला ओ देण्यात जाणार होती.

माट्यांना बातमी तिच्या आधीच लागली होती. संध्याकाळी त्यांनी हाक मारली. "वैजयंती, कागद-पेन आण."

या वेळी लिहायचं तिलाच होतं.

"लिही. आदरणीय माटेसाहेब हे आम्हाला वडिलांच्या जागी होते. पूर्णविराम. त्यांच्या कडक शिस्तीमुळेच आज आम्ही जीवनात उभे आहोत. पूर्णविराम. कंपनीला त्यांच्या अनुभवाची यापुढेही गरज आहे, असे आम्हा सर्वांना मनापासून वाटते. हे सगळ्यांना पाठव."

"सगळ्यांना एकच, साहेब?"

"मग काय त्यांच्यावर सोडायचं? झाकणं मोजणारी माणसं ती. त्यांना दोन ओळी धड लिहिता येतात का? थोडं इकडचं तिकडे करायला सांग. कोणी वडिलांच्या जागी लिहील, कोणी मोठ्या भावाच्या."

तिने मान डोलावली. माट्यांना तिच्याबद्दल हीच एक गोष्ट माहीत होती, की ती मान डोलावते.

सोडून गेलेल्यांपैकी पुतळा पाटील या बाईचा फोन साधा होता, म्हणून वैजयंती रविवारी घणसोली गावात तिच्या घरी गेली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दारात शिरावं अशी ती गल्ली. वर भाड्याच्या खोल्या, त्यांच्याही वर मागच्या टॉवरची सावली. पुतळा एकोणीस वर्षं पॅकिंगला होती. एकोणीस वर्षं उभी. गुडघे गेले तेव्हा तिने माळ्यावरचं स्टूल मागितलं आणि त्याच आठवड्यात तिच्या घरी अडचण निघाली.

"सायेब चाललाय?" पुतळाने दारातूनच विचारलं. "खरंच चाललाय का नुसता सुट्टीवर?"

"रिटायर होतायत गं. तुझ्या शुभेच्छा पायजेत."

"माज्या? त्याला?" ती हसता हसता खाली बसली, गुडघा धरून. "आन, बाय. आन तुजा कागद. काय लिवायचा सांग. तो सांगंल तसाच लिवायचा ना?"

वैजयंतीने मजकूर पुढे ठेवला. पुतळा मान तिरकी करून एकेक अक्षर काढत होती. 'वडिलांच्या जागी' आलं तेव्हा थांबली.

"माजा बापूस मिठागरावर व्हता. मालक आला तरी दुपारचे पानी प्यायला बसवायचा आमाला." एवढं म्हणून तिने 'वडिलांच्या जागी' लिहिलं.

मजकूर संपला. पुतळा मात्र थांबली नाही. खाली, न बघता, सरळ रेषेत लिहीत गेली. सदर मजकूर मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने...

"पुतळा, ते नाही लिहायचं."

"नाय कसा? कंपनीत कागद द्यायचा तर ते लागतंय. माज्या टायमाला मी अक्कलहुशारी विसरली, तर तीन कागद फाडले त्याने. तवापासून पाठच हाय. माजे नातीला झोपवताना बोलत जाईन एक दिवस." तिने 'नशापाणी न करता' लिहून पुढे ठिपका दिला आणि सही केली. "बघ. बरोबर हाय ना?"

तिच्या तोंडावर थट्टा नव्हती. कागद परत येऊ नये, एवढीच काळजी होती. वैजयंतीजवळ पिशवीत कोरे कागद होते. सवयीने तिने दोन आणले होते. दुसरा तिने काढला नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

घरी येऊन तिने त्या कागदाचा फोटो काढला. सोडून गेलेल्या कामगारांचा व्हॉट्सॅपवर एक ग्रुप होता, 'जुनी झाकणं' नावाचा. सणासुदीच्या शुभेच्छांपुरता तीही त्यात होती. तिथे तिने फोटो टाकला आणि खाली लिहिलं, माटेसाहेबांच्या निरोपासाठी नमुना पाठवत आहे. त्याहून एक शब्द जास्त लिहिला नाही. सोळा वर्षांत तिने आपणहून केलेलं कारखान्याचं हे पहिलं काम होतं.

दहा मिनिटांनी पनवेलहून कासिम परकारचा फोन आला. कासिम साचे बसवणारा फिटर. साचा थंड ठेवणारं पाणी पुरतं सुरू नसताना मशीन चालवायला माट्यांनी लावलं आणि साचा तडकला, तेव्हा गेलेला.

"वैजयंतीताई, हा नमुना कोणी बनवला?"

"वरचा साहेबांनी. खालचा पुतळाने."

"पुतळाबाय एक नंबर हाय." तो हसला. "ताई, तुमाला माहितेय, आपण आयुष्यात थेंब नाय घेतला. त्या दिवशी जुम्मा होता. नमाजहून आलो आणि याने माझ्याकडून लिहून घेतलं, नशापाणी न करता. साचा गेला, नोकरी गेली, त्याचं काय नाय. ते वाक्य मात्र अब्बांना कधी दाखवलं नाय मी."

"मग नको लिहूस, कासिम."

"वा! आता तर लिवणारच. एकदम सुंदर अक्षरात."

चार दिवसांत चौदा कागद आले. समारंभाच्या सकाळी माट्यांनी ते मागवून घेतले. वैजयंती टेबलासमोर उभी राहिली, कारण बसायला सांगितलेलं नव्हतं. माटे एकेक कागद वाचत गेले. खालच्या वाक्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे कोणी घालायला सांगितलं?"

"कोणीच नाही, साहेब. त्यांनी आपणहून घातलं."

माट्यांनी चष्मा काढला. चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघ. वळण लागतं ते असं. आणि बरंच झालं. उद्या कोणी म्हणायला नको की माटेंनी जबरदस्तीने लिहून घेतलं."

तिला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. इतक्या वर्षांचा राग इतक्या क्षुल्लक माणसावर खर्च झाला, याचंच वाईट वाटलं.

दुपारी कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे ऑफिसवाले, मागे पॅकिंगच्या बायका, नेहमीप्रमाणे उभ्या. माटे नव्या सफारीत आले होते; खिशात आभाराचं भाषण होतं आणि त्यात सल्लागार हा शब्द तीनदा होता. शाल झाली, श्रीफळ झालं. वैदेही उठली आणि पुतळाचा कागद वाचायला लागली.

वडिलांच्या जागी, कडक शिस्त, यापुढेही गरज. मग तिचा आवाज किंचित अडखळला. "...राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता व कोणतेही नशापाणी न करता लिहून देत आहे." मागे कोणीतरी खाकरलं. दुसऱ्या कागदाला एक जण फसकन हसला. तिसऱ्याला मोल्डिंगच्या रांगेतून हळूच साथ आली. कासिमच्या टपोऱ्या अक्षरातला चौथा कागद शेवटाला आला आणि वैदेही थांबली. पण पॅकिंगच्या बायका थांबल्या नाहीत. आरतीची शेवटची ओळ म्हणावी तसं सगळ्यांनी मिळून म्हटलं, "कोणतेही नशापाणी न करता!"

माटेही हसत होते. प्रेम आहे लोकांचं, अशा अर्थाने त्यांनी हात जोडले.

वैदेही हसली नाही. तिने उरलेले दहा कागद चाळले, वाचले नाहीत. मग माइक बाजूला करून पहिल्या रांगेतल्या वैजयंतीकडे वाकली. "ताई, त्या फायलींमधली घरगुती अडचण म्हणजे हे?"

"हो."

"सगळे एक्केचाळीस?"

"सगळे. सांगून लिहून घेतलेले."

"साक्षीदार म्हणून सही तुमची आहे."

"हो. माझीच आहे," वैजयंती म्हणाली. या वेळी तिने चष्मा पुसला नाही.

वैदेहीने कागद सारखे केले, माट्यांच्या हातात दिले आणि माइकवर फक्त एवढंच म्हणाली की समोसे गरम आहेत, सगळ्यांनी घ्यावेत.

खुर्च्या सरकल्या. माटे शालीसकट तिच्या मागे गेले. "मॅडम, ते सल्लागाराचं जाहीर करायचं राहिलं. सगळ्यांच्या इच्छेत आलंच आहे तसं."

"ते राहू दे, माटे. आता घरी वेळ द्या."

"नाही, पण," माटे म्हणाले, "माझ्या घरी काही अडचण नाही."

वैदेहीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस थट्टा करतोय का, हे बहुधा तिला बघायचं होतं. तो थट्टा करत नव्हता. ती निघून गेली.

सोमवारी वैजयंतीने माळ्यावरची स्टुलं खाली काढायला सांगितली. तेरा निघाली, दोनांचे पाय मोडके. त्याच दिवशी वैदेहीने तिला एक्केचाळीस फायली घेऊन केबिनमध्ये बोलावलं, आणि वैजयंती तासभर बसून एकेक सांगत होती, स्वतःच्या सहीसकट. त्याचं तिच्यासाठी काय होईल ते अजून ठरलेलं नाही.

माट्यांनी ते चौदा कागद लॅमिनेट करून घेतले आहेत. कोपरखैरण्याच्या घरी कोणी आलं की ते काढून दाखवतात आणि खालच्या ओळीवर बोट ठेवतात. बघा, म्हणतात, एकावरही दडपण नव्हतं.