तुतीवाल्यांची खिडकी

थंडी ओसरू लागली की तुतीवाले कपाटाच्या माथ्यावरून चिकटपट्टीचं भेंडोळं खाली काढत आणि घर बंद करायला घेत. आधी पुढच्या खोलीची खिडकी, तिच्या चारही कडा. मग स्वयंपाकघराचा झरोका. मग दाराखालची फट. तिथे टॉवेलाची गुंडाळी, दिवसातून दोनदा ओली करायची. हे सगळं चालू असताना त्यांची बायको शिलाई मशीनपाशी बसून बघत असे.

"मारा, मारा पट्टी," ती म्हणे. "मला पार्सल करून पाठवायचं असेल तर पत्ता तेवढा नीट लिहा."

पुढचे आठ आठवडे ती घराबाहेर पडत नसे. पडलीच तर शंभर पावलांत डोळे लाल व्हायचे, नाक धो धो वाहायचं आणि छातीतून शिटी वाजायला लागायची. मग दवाखाना, वाफ, तोंडावर मुखवटा, चार दिवस अंथरूण. त्यापेक्षा घर बरं. शाळेचे गणवेश ती घरीच शिवायची, कपडा घरपोच यायचा, तयार माल घरूनच जायचा. भाजी तुतीवाले आणत. आणल्यावर दाराच्या आतच बाहेरचे कपडे उतरवायचे, पिशवीत कोंबायचे, डोकं धुवायचं आणि मगच पुढे यायचं. सासष्ट वर्षांचा माणूस रोज सकाळी हातात दोडके घेऊन चड्डीवर उभा, हे दृश्य बायकोला चार-पाच वर्षं पुरलं होतं. ती हसायची आणि हसता हसता खोकायची.

तुतीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शहराच्या उद्यान खात्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं रोपवाटिका सांभाळली, आणि ज्या कामाने त्यांचं नाव झालं त्या कामानेच त्यांचं हे नावही पाडलं.

झालं होतं असं. रस्त्याकडेला पूर्वी साध्या तुती होत्या. फळं पिकली की खाली सडा पडायचा, फरशीवर जांभळे डाग, माश्या, चिकचिक. एकदा कोण्या बड्या अधिकाऱ्याची बायको त्या फळांवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. दुसऱ्याच दिवशी तुतीवाल्यांना बोलावणं आलं. अधिकारी म्हणाले, "सावली पाहिजे. झाड झटपट वाढलं पाहिजे. पण खाली काहीही पडता कामा नये."

कुणी दुसरा असता तर कपाळाला हात लावून परत आला असता. तुतीवाल्यांच्या डोक्यात मात्र लगेच दिवा लागला. रोपवाटिकेच्या मागच्या भिंतीला एक जुनी तुती होती. तिला फळ म्हणून कधी धरलं नव्हतं. तुतीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. ही नर तुती. त्यांनी तिच्या काड्या छाटल्या, वाळूत खोचल्या, मुळं फुटली. त्या एका झाडाच्या काड्यांतून सात वर्षांत दोनशे चाळीस झाडं उभी राहिली. अख्खा हमरस्ता, त्याला फुटणाऱ्या गल्ल्या आणि स्वतःच्या घराची गल्लीसुद्धा. रस्ता आरशासारखा स्वच्छ. खात्याने प्रशस्तिपत्र दिलं, ते मशीनच्या वर भिंतीवर टांगलं गेलं.

खिडकीसमोरचं झाड तर बायकोने वाढवलं. खड्डा तुतीवाल्यांनी खणला, पण पहिली दोन वर्षं रोज संध्याकाळी बादली तिने ओतली. गल्लीतल्या कुणी पान तोडलं तरी ती खिडकीतून ओरडायची, "अहो, तुमच्या घरी पानं नाहीत का?"

नर झाड फळ देत नाही, पण मोहोर देतं. मोहोर पिकला की पिवळी भुकटी वाऱ्यावर सोडतो, आणि ती भुकटी पकडायला रस्त्यावर एकही मादी झाड नसलं तर ती जायची कुठे? माणसांच्या नाकात जाते. हे तुतीवाल्यांना त्या वेळी सुचलं नाही. खरं सांगायचं तर कुणालाच सुचलं नाही.

झाडं अकरा-बारा वर्षांची झाली आणि बायको शिंकायला लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घसा बघितला, विचारलं, "घरात मांजर आहे का?"

होती. तिचं नाव भागूबाई, कारण उंदीर दिसला की ती कपाटावर चढून बसायची. बायकोला मूलबाळ नव्हतं. ती गणवेश शिवायला बसली की भागूबाई मशीनच्या फळीवर, कापडाच्या गरम कोपऱ्यात. शिंका येऊनही बायको म्हणत होती, "राहू द्या हो, मी गोळ्या घेईन." पण तुतीवाले धास्तावले होते. एका सकाळी ते मांजरीला पिशवीत घालून निघाले आणि परतले ते रिकामी पिशवी घेऊन. "खात्यातल्या ड्रायव्हरकडे दिली," ते म्हणाले. "मोठं अंगण आहे. पोरं आहेत खेळायला."

त्यानंतर वर्षभर ते ड्रायव्हरकडच्या खबरा आणत राहिले. भागूबाई जाड झाली. भागूबाईला तीन पिल्लं झाली, एक अगदी तिच्यासारखं. बायको शिवण थांबवून ऐकायची. मग एकदा तुतीवाल्यांनी सांगितलं की ड्रायव्हरची बदली झाली, आणि खबरा थांबल्या.

शिंका थांबल्या नाहीत. पुढच्या वर्षी बायकोने समुद्रकाठच्या गावी, धाकट्या बहिणीकडे जायचं ठरवलं. दिवसभराचा प्रवास. आणि काय आश्चर्य, तिथे पाय ठेवताच नाक मोकळं! ती फोनवर नाचायचीच बाकी होती. "अहो, मी चक्क व्हरांड्यात बसून शिवतेय. बहीण म्हणते, कायमची राहा." तीन वर्षं ती मोसम सुरू झाला की तिकडे जायची आणि संपला की परत यायची. तुतीवाले इकडे आपल्या हातचा भात खात आणि स्वतःला समजावत की ती खुश आहे ना, मग झालं. चौथ्या वर्षी फोन आला तो शिंकांचाच. ती परतली, आणि त्यानंतर मोसमात घराबाहेर पडायचा विषयच बंद झाला.

त्या गावी का शिंका आल्या, हे यंदा कळलं. मोसमाच्या आधी, अॅलर्जीचं खास शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी बायकोच्या हातावर पेनाने अकरा आकडे काढले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेका झाडाच्या, धुळीच्या, जनावराच्या अर्काचा थेंब ठेवला आणि सुईने हलकेच टोचलं. मग पंधरा मिनिटं थांबायचं. तीनच्या आकड्याशेजारी गांधी उठली ती बघता बघता मोठ्या नाण्याएवढी झाली. सातपाशी त्याच्या निम्मी. डॉक्टरीणबाईंनी पट्टीने मापं घेतली आणि बायकोला हात धुवायला आत पाठवलं.

"तीन म्हणजे तुती," त्या तुतीवाल्यांना म्हणाल्या. "सात म्हणजे सुरूचं झाड. समुद्रकाठी सुरूचंच राज्य असतं ना? काका, प्रत्येक मुलखाची झाडं वेगळी, तशी प्रत्येक मुलखाची शिंकही वेगळी. गाव बदललं की काही वर्षं आराम पडतो. तिथल्या झाडांची शरीराला ओळख नसते. ओळख झाली की तिथेही तेच सुरू होतं. काकूंसारख्यांना पळून जायला जागा नसते."

"मग उपाय?"

"औषधं आहेत, देते. पण तुमच्या शहराचं खरं दुखणं वेगळंच आहे. कुणीतरी मोठ्या हौसेने सगळी नर झाडं लावून ठेवलीत. निम्म्या मादी असत्या तर एवढा त्रास झाला नसता. मादी झाड परागकण सोडतच नाही. रस्ते घाण होऊ नयेत म्हणून केलं असणार. कुणाचं डोकं, देव जाणे."

तुतीवाल्यांनी तपासणीचा कागद घडी करून खिशात घातला. बायको बाहेर आली, म्हणाली, "काय निघालं?" ते म्हणाले, "तुती. आणि सुरू."

त्या दिवसापासून त्यांना घरात गुदमरायला झालं. पट्ट्या त्यांनीच मारल्या होत्या, टॉवेल त्यांनीच ओला केला होता. काचेपलीकडे त्यांचंच झाड पिवळं होऊन झुलत होतं, आणि बायको मान वर करून कौतुकाने म्हणत होती, "काही म्हणा, झाड मात्र देखणं वाढलंय आपलं." त्यांना तिच्या तोंडाकडे बघवेना. सांगितलं तर ती काय म्हणेल? नऊ वर्षं जिने त्यांच्यावर एका शब्दाचा राग धरला नाही तिचा हा विश्वास गेला तर मग उरलं काय? आणि नाही सांगितलं तर रोज त्याच खोलीत तिच्यासमोर बसायचं कसं?

त्यांनी आधी दुसरी वाट करून पाहिली. ते खात्यात गेले. तिथे आता त्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस प्रमुख होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. तुतीवाल्यांनी सांगितलं, झाडं काढायची आहेत. निदान आमच्या गल्लीतली.

प्रमुख हसला. त्याने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे चौकटीत नियम लावला होता, निरोगी झाडाला कुणीही, कोणत्याही कारणाने कुऱ्हाड लावू नये. खाली तुतीवाल्यांचीच सही. "साहेब, तुम्हीच भांडून पास करून घेतलात हा. आठवतंय ना? मी फाइल धरून उभा होतो."

"मग निदान नवीन लावाल त्या मादी लावा."

"आणि फळं? तक्रारी कोण झेलणार?" प्रमुख त्यांना हाताला धरून मागे रोपवाटिकेत घेऊन गेला. वाळूच्या वाफ्यात नव्या काड्या खोचलेल्या होत्या, ओळीने, पाचशेच्या वर. "नवीन वसाहतीसाठी. तुमच्याच त्या झाडाच्या. पहिलं रोप तुमच्या हातून लावायचं ठरवलंय आम्ही. काकूंनाही आणा."

तुतीवाले घरी आले. कपडे उतरवले, डोकं धुतलं, कोरडे कपडे घातले आणि बायकोसमोर स्टुलावर बसले. मशीन चालू होतं. ते म्हणाले, "थांबव जरा. तुला एक सांगायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. अधिकाऱ्याच्या बायकोचं मनगट, मागच्या भिंतीची नर तुती, दोनशे चाळीस काड्या, डॉक्टरीणबाईंचे शब्द. काही लपवलं नाही. पुरावा म्हणून खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला, जणू तो दिला की आपल्या माथ्यावरचं ओझं तिच्या हातात जाणार होतं. "तुझ्या छातीतली शिटी मी लावलीय," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आलं.

बायको क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग चक्क हसली. "एवढंच? मला वाटलं काय नि काय. तुम्हाला स्वप्न पडलं होतं का? आणि बादल्या कुणी ओतल्या? मीच ना? मग निम्मा गुन्हा माझा."

तुतीवाल्यांच्या अंगातून इतका वेळ ताणलेलं सगळं सैल झालं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की या बंद खोलीतही हवा आहे. ते उठून चहा टाकायला गेले. दोन कप घेऊन परत आले तेव्हा बायकोने चष्मा चढवला होता आणि ती कागद वाचत होती. बोट ओळीवरून सरकत होतं. तीन, तुती. सात, सुरू. आठ, धूळ, किंचित. बोट नवाच्या ओळीवर थांबलं.

"मांजर," ती म्हणाली. "शून्य."

तुतीवाल्यांनी कप खाली ठेवले.

"म्हणजे भागूबाईचा काही दोष नव्हता."

"नव्हता."

"आता अकराची असेल ती. मांजरी जगतात एवढ्या." तिचा आवाज उजळला होता. "अहो, तो ड्रायव्हर कुठे बदलून गेला म्हणालात? विचारा ना खात्यात. ती नसली तरी तिचं ते पिल्लू, तिच्यासारखं दिसणारं. मी घेऊन येते. आता तर घरात ठेवायला काही हरकत नाही."

नुकतंच एवढं खरं बोलून झालं होतं की आता खोटं जमेना. "ड्रायव्हर नव्हता," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कुणाला दिली नव्हती. नदीपलीकडे धान्याचं गोदाम आहे, तिथे सोडली. म्हटलं उंदीर मिळतील. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर नव्हती."

"उंदीर," बायको म्हणाली. "भागूबाईला."

चहावर साय धरली. मग तिने कागदाची घडी केली, होती तशी, आणि त्यांच्या हातात परत दिली. उठून कपाटातून पिशवी काढली आणि कपडे भरायला लागली.

"अगं, बाहेर मोसम आहे. आणि बहिणीकडेही शिंका येतातच ना तुला."

"येतात," ती म्हणाली. "पण तिथे खिडकी उघडी असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाकावर ओला रुमाल धरून निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत तिला चार वेळा थांबावं लागलं, तुतीवाल्यांनी काचेतून मोजलं. दर वेळी ती झाडाला हात टेकून शिंकत होती. मग वळली आणि दिसेनाशी झाली.

आता पट्ट्या काढायला काहीच हरकत नव्हती. तुतीवाल्यांना आयुष्यात एकदाही शिंक आली नव्हती. त्यांनी टॉवेल ओला केला आणि दाराच्या फटीत परत लावला.