गोधड्यांचा आठवडा

अण्णा रोज सकाळी गटाराच्या जाळीपाशी उभे राहून घराघरांतलं वर्तमान मोठ्यानं सांगायचे. "सरपंचाकडं काल मटण झालं, तेलाचा तवंग आलाय. तात्याच्या सुनेनं धुण्याची पावडर पुन्हा मूठभर जास्त टाकली." पाण्याकडे पाहून त्यांना हे कळायचं, आणि कळलं की पोटात राहायचं नाही. मग बायका तणतणत ग्रामपंचायतीत यायच्या आणि मी, त्या गावचा ग्रामसेवक, दोन्हीकडून बोलणी खायचो.

अण्णांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, सांडपाण्याच्या टाकीवर गेली. निवृत्त होऊन ते नांदगाव तालुक्यातल्या आपल्या गावी परतले, तेव्हा गावाचा सांडपाणी प्रकल्प नुकताच झाला होता. गटारांचं पाणी टाकीत निवळायचं, खडी आणि कर्दळीच्या वाफ्यातून गाळून निघायचं आणि मग ओढ्याला जायचं. ओढ्याच्या काठावरच गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर. देखरेखीला कुणी तयार नव्हतं. अण्णा आपणहून आले, याचा मला फार आनंद झाला. तो आठवडाभर टिकला.

खऱ्या भांडणाचं मूळ नवरात्राआधीच्या धुण्यात होतं. घट बसायच्या आत घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या धुऊन निघाल्याच पाहिजेत, हा गावचा रिवाज. दोन दिवसांत अख्ख्या गावाचं साबणाचं पाणी वाफ्यावर आलं, की ते अर्धवट गाळूनच पुढे जायचं. म्हणून अण्णांनी आळीवार पाळ्या लावल्या. आज वरची आळी, उद्या मधली, परवा खालची. कुणी ऐकलं नाही. "आमच्या गोधड्या आता अण्णाला इचारून धुवायच्या व्हय?" असं लोक मलाच येऊन विचारायचे.

त्यात मी प्रकल्पाची तपासणी नेमकी त्याच आठवड्यात ठरवली. स्वच्छ गावाच्या बक्षिसाची आशा होती. अण्णा म्हणाले, "भाऊसाहेब, गोधड्यांच्या आठवड्यात साहेबाला बोलवू नका. वाफ्याला झेपत नाय." या माणसाला मोडता घालायची खोडच आहे, असं म्हणून मी तारीख तशीच ठेवली.

तपासणीच्या सकाळी टाकीवर ढीगभर फेस. सरपंचांनी तोडगा काढला: बाजूचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि तासभर सगळं पाणी थेट ओढ्यात सोडायचं. मी मान डोलावली. लिहिताना लाज वाटते, पण डोलावली. तिथे जाऊन पाहतो, तर अण्णा व्हॉल्व्हच्या झाकणावर मांडी घालून बसलेले.

"उठा अण्णा, पाया पडतो."

"पडा. तरी उठत नाय. खाली हीर हाय."

"एका तासानं काय होतंय?"

"साहेब तासभर बघून जातील, भाऊसाहेब. लेकरं तेच पाणी पितील."

साहेब आले, फेस पाहिला, शेरा मारून गेले. बक्षीस शेजारच्या गावाला मिळालं. मी महिनाभर अण्णांशी बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. कुणाच्या घरी काय शिजलं ते रोज येऊन सांगत राहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापानं अण्णा गेले. माझा राग अजून पुरता गेला नव्हता, आणि तो आता कुणावर काढायचा तेही कळेना.

दहाव्याला भावकीनं घरातलं सगळं धुवायचं, मग सुतक फिटतं. अण्णांची भावकी म्हणजे पाऊण गाव. मी धसका घेऊन सकाळीच टाकीवर गेलो. फेस नव्हता. तसाच अण्णांच्या घरी आलो, तर अंगणात बाचाबाची चाललेली. त्यांचा पुतण्या धुण्याचं बोचकं खांद्यावर घेऊन वैतागून म्हणत होता, "काकू, दहाव्याचं धुणं कुणी बाराव्यापर्यंत लांबवतं का?"

काकूंनी पदर सावरला. "आज वरची आळी. उद्या मधली. परवा खालची. त्यांचं सुतक हाय, त्यांच्याच पाळीनं फिटंल."

पुतण्या खालच्या आळीचा. त्यानं बोचकं सावरलं आणि कोरडंच घरी परत नेलं.