दिवाळीनंतरची सपाट रेषा

होळीला तीन दिवस होते. मी मोखाड्याहून जीपने सूर्यमाळच्या एका पाड्यावर पोचलो... दोन-चार नावं पडताळायची आणि अहवालावर सही करायची, एवढंच काम. वीसेक वर्षं झाली, अजून लाज वाटते.

कुपोषित बाळांच्या एका अभ्यासात मी आकडेवारी सांभाळायचो. कुठलं मूल किती महिने जगलं, त्याचा आलेख काढायचा. माझा आलेख फार देखणा आला होता... पावसाळ्यात घसरण, दिवाळीनंतर सपाट. म्हणजे हिवाळ्यात मुलं सुखरूप! पाड्यावरचं आहार केंद्र दिवाळीनंतर बंद करा, अशी शिफारसही लिहून तयार होती.

दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. अशा घरापुढे पाड्यावरच्या सेविका इंदूताई 'दार बंद' लिहायच्या. मी त्या बाळाला त्या तारखेपर्यंत जिवंत धरून पुढच्या गणितातून काढून टाकायचो. जे गेले त्यांचं इथे राहिलेल्यांसारखंच चाललं असणार, असं आमची पद्धत मानते. मीही मानलं.

होळीसाठी माणसं परतली होती. 'दार बंद' लिहिलेल्या एका घरात जनीबाई चूल पेटवत होती. "बाळ कुठंय?" मी अगदी सहज विचारलं.

"भट्टीवर मेला. दोन दिस ताप व्हता... तिथंच पुरला."

"कळवलं का नाही?"

"कोनाला कळवू? तिथं कोन इचारायला आला?"

माझ्यासोबत आलेल्या इंदूताई रडायला लागल्या. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

मग सगळी बंद दारं पुन्हा फिरलो. आणखी तीन घरांत हेच... परत आल्यावर आलेखामागचं जुनं गणिती मॉडेल फेकून दिलं. ऋतूप्रमाणे धोका बदलू देणारं, गाव सोडून गेलेल्यांना वेगळं धरणारं लवचिक मॉडेल बसवलं. दिवाळीनंतरची सपाट रेषा धाडकन खाली आली.

ती शिफारस मी फाडली. भट्टीवरही आहार पोचवा, असं लिहिलं. दोन भट्ट्यांवर एक हंगाम पोचला, मग थांबला.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा जनीबाई दारापर्यंत आली होती. "तू लिवलास, तं दुसऱ्यांची पोरं तरी जगतील ना?"

मी "हो" म्हणालो. माझ्या अख्ख्या नोकरीत मी इतक्या खात्रीनं दुसरं काहीच बोललो नाही... आणि तेच मला खरं करून दाखवता आलं नाही.